देवपुजारीबाई आणि पापणीवरची गाठ

डॉ. कुमुद देवपुजारी पॅथॉलॉजिस्ट होत्या. या कामात माणूस समोर येत नाही. येतो तो त्याचा तुकडा, बाटलीत, औषधी पाण्यात बुडवलेला. पॅथॉलॉजिस्ट तो पातळ कापतो, रंगवतो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि रिपोर्ट लिहितो. रोगी आणि तो एकमेकांना ओळखत नाहीत, ओळखण्याचं कारणही नसतं. देवपुजारीबाईंनी मात्र आपल्यापुरता एक नियम केला होता. वाईट रिपोर्ट लिहिला की त्या रोग्याला पाहायला जात.

पासष्टच्या लढाईच्या आगेमागे जबलपूरच्या एका रुग्णालयात त्या नोकरीला होत्या. मूळच्या अमरावतीच्या. बुटक्या, सावळ्या, जाड काठाची सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर आम्लाचे थेंब उडून बारीक भोकं पडलेली असत. तुकडे रंगवण्याच्या द्रवामुळे बोटांची टोकं कायम गुलाबी दिसत. शेजारच्या बायकांना तो आळत्याचा रंग वाटे आणि लग्न न केलेल्या बाईला आळता कशाला, यावर त्यांची चर्चा चाले. बाईंच्या कानावर ती आली होती. खुलासा करण्याची गरज त्यांना वाटली नाही.

त्या मोठ्यानं बोलत. कॅन्सर हा शब्द त्या काळी घराघरांत कुजबुजत उच्चारला जाई, किंवा त्याला नुसतं ‘ते’ म्हणत. बाई तो शब्द भाजीचं नाव घ्यावं तसा घेत. कोणी दचकलं की म्हणत, “हळू बोलल्यानं तो कमी होत नाही.”

लढाई सुरू झाली तेव्हा शहरात रात्री दिवे झाकण्याचा हुकूम निघाला. तोफा-दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांचं गाव, त्यामुळे हुकमाची अंमलबजावणी कडक होती. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला गेला. त्याच सुमारास बाईंच्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला आणि दुसरा मिळेना. बाईंनी कपाटातून जुना, आरशाचा पितळी सूक्ष्मदर्शक काढला, स्टूल उचललं आणि उत्तरेकडच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. दिवसाच्या उजेडात आरसा आभाळाकडे वळवून त्यांचं काम सुरू राहिलं.

नागरी संरक्षण दलाचा एक स्वयंसेवक तिथून चालला होता. गावात हेरांच्या अफवा होत्या. त्यानं दंडावरची पट्टी सारखी केली आणि विचारलं, “मॅडमजी, ये दूरबीन से क्या देख रही हैं?”

“बीमारी देख रही हूँ, भैया. तुम देखोगे?”

त्यानं एक डोळा मिटून पाहिलं. “ये तो फूल जैसा है.”

“हाँ,” बाई म्हणाल्या. “इसीलिए गलती हो जाती है.”

ही हकीकत मला त्या स्वयंसेवकानंच सांगितली. तो एरवी आमच्या दैनिकाच्या छापखान्यात कंपोझिटर होता आणि मी त्या दैनिकात बातमीदार.

रोग्यांना भेटण्याचा बाईंचा नियम सर्जन मंडळींना आवडत नसे. रिपोर्ट लिहिला, तुमचं काम झालं, असं त्यांचं म्हणणं. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. एकदा शहपुऱ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या जिभेचा तुकडा आला. रिपोर्ट वाईट होता आणि बरोबर होता. बाई वॉर्डात गेल्या, त्याच्या खाटेशेजारी बसल्या, यंदा गहू कसा आहे विचारलं, मग त्याला आणि त्याच्या मुलाला काय झालं आहे ते सांगितलं. मुलगा चिडला. इतकं तोंडावर सांगायचं असतं का, म्हणाला. बाई बसून राहिल्या. त्याचं ओरडून झाल्यावर त्यानंच विचारलं, “अब क्या करें, दीदी?” पुढचं बोलणं बराच वेळ चाललं. नंतर कोणीतरी बाईंना म्हणालं, कशाला हा ताप? त्या म्हणाल्या, “आपण लिहिलेल्या वाक्यानं माणसाचं काय होऊन राहिलं, ते पाहायला नको?”

यापुढची हकीकत नुसती ऐकलेली नाही. ती बरीचशी माझ्या समोर घडली, कारण रोगी माझे भाऊजी होते.

भाऊजींचं नाव वसंतराव. थोरल्या बहिणीचे यजमान, तेव्हा वय एकतीस. ते फॅक्टरीत व्ह्यूअर होते. व्ह्यूअर म्हणजे तयार झालेला भाग गेजमध्ये, मापाच्या साच्यात, घालून तो बरोबर की बाद, हे ठरवणारा माणूस. नजर हीच त्यांची नोकरी. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर, भुवईच्या अंगाला, मोहरीएवढी गाठ आली. पुढे ती वाटाण्याएवढी झाली. दुखत नव्हती. डोळ्यांचा दोष निघाला तर दुसऱ्या कामावर टाकतील, या धास्तीनं त्यांनी ती कोणाला दाखवली नाही. मोजली मात्र. व्हर्नियरची मोजपट्टी घेऊन, आरशासमोर उभं राहून, महिन्याच्या महिन्याला.

गाठ खड्यासारखी कडक होती. त्यावरून फॅक्टरीच्या शॉपमधल्या मंडळींनी निष्कर्ष काढला की आत लोखंडाचा कीस गेलेला आहे. निष्कर्ष चमत्कारिक नव्हता. डोळ्यात कीस जाणं तिथं नित्याचं होतं. प्रत्येक बेंचवर तो काढायला एक लहान चुंबक असे. दुपारच्या सुट्टीत भाऊजींना बाकावर आडवं करून चुंबक पापणीजवळ नेण्यात आला.

“खींच रहा है! कसम से खींच रहा है!”

“अबे, तेरा हाथ हिल रहा है.”

“हाथ नहीं, चुंबक हिल रहा है. वसंत भैया, आप बताओ, कुछ लगा?”

“लगा तो,” भाऊजी म्हणाले.

हा प्रयोग पुन्हा पुन्हा झाला. प्रत्येक पाळीत कोणीतरी चुंबक धरी आणि तो ओढला जाई. अखेर भाऊजी एका दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना काय होतंय ते न सांगता काय आहे तेच सांगितलं. पापणीत कीस आहे, चुंबकानं ओढतो. लढाईचे दिवस, बाहेर रांग. डॉक्टरांनी विश्वास ठेवला. गाठीच्या कडेला छेद दिला. चाकूला काहीतरी खरखरीत लागलं, तेव्हा त्यांचीही खात्री झाली. बराच वेळ शोधूनही लोखंड सापडलं नाही. कडेचा एक कण तेवढा हाती आला. आता त्यांना शंका आली. त्यांनी तो कण बाटलीत घालून, कॅन्सर आहे का पाहावे असं लिहून, बाईंच्या प्रयोगशाळेत पाठवला. जखम चिघळली, पापणी सुजली आणि गाठ एकाएकी मोठी दिसू लागली.

बाईंनी कण पाहिला. काळपट, दाटीवाटीनं बसलेल्या, भराभर वाढणाऱ्या पेशी. त्यांनी रिपोर्ट लिहिला : त्वचेचा कॅन्सर असावा.

भाऊजींना बाईंच्याच रुग्णालयात भरती केलं गेलं. सर्जन पूर्वी लष्करात होते, कामाला पक्के, बोलायला कमी. त्यांनी सांगितलं, पापणी काढावी लागेल. रोग आत उतरला असेल तर डोळाही. भाऊजींनी मला जवळ बोलावून विचारलं, “एका डोळ्यानं गेज बघता येते काय रे?” मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, भेटीच्या वेळेत, बाई वॉर्डात आल्या.

“मी कुमुद देवपुजारी. तुमचा रिपोर्ट मी लिहिला. पडून राहा, उठू नका. वय काय तुमचं?”

“एकतीस.”

“एकतीस?” बाई थांबल्या. “बाटलीवर वय नव्हतं लिहिलं.”

त्यांनी हात धुतले आणि गुलाबी बोटांनी पापणी चाचपली. कातडी दोन बाजूंना ताणली. गाठ बाजूला सरकवून पाहिली. ती सरकली. टॉर्च लावून कातडीचा रंग पाहिला.

“दगड आहे हा. कधीपासून आहे?”

भाऊजींनी सांगितलं. मग, कोणत्या महिन्यात किती होती, तेही सांगितलं.

“तुम्ही मोजली? कशानं?”

“व्हर्नियरनं.”

“काहून?”

“सवय आहे, बाई.”

बाई हसल्या. भरती झाल्यापासून त्या खाटेजवळ कोणी हसलं नव्हतं. “मग सांगा, वाढतच राहिली?”

“नाही. होळीपासून तेवढीच होती. दवाखान्यात कापल्यावर सुजली.”

“कापायच्या आधी वर फोड, जखम, रक्त?”

“काही नाही.”

“मग कापली काहून?”

भाऊजींनी मान खाली घालून चुंबकाची गोष्ट सांगितली. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“आणि चुंबक खरंच ओढत होता?”

“सगळे म्हणत होते, ओढतो.”

“तुम्हाला काय वाटलं?”

“मलाही वाटलं.”

बाई खाटेच्या कडेवर टेकल्या. “माझंही तसंच झालं, भैया. त्यांनी कॅन्सर आहे का विचारत तुकडा पाठवला, आणि मला कॅन्सर दिसला.”

“बाई, हळू बोला,” ताई म्हणाली.

“काहून, ताई? आता तर मी त्याच्यावर शंका घेऊन राहिले.”

तिथून त्या थेट सर्जनच्या खोलीत गेल्या. मी मागे गेलो आणि दाराशी उभा राहिलो. मला कोणी आत बोलावलं नाही, बाहेरही काढलं नाही.

“मैडम, रिपोर्ट तो आप ही की है,” सर्जन म्हणाले.

“मेरी है, इसीलिए तो आई हूँ.”

“तो गलत है?”

“अधूरी है. मुझे किनारे का एक दाना मिला था. पूरी गाँठ निकालकर दीजिए. सिर्फ गाँठ. पलक रहने दीजिए.”

“और अगर कैंसर ही निकला? फिर मैं दोबारा चीरूँ? तब तक अंदर गया तो?”

प्रश्न रास्त होता. बाईंनी तो टाळला नाही. त्या खुर्चीवर बसल्या आणि मुद्दे सांगू लागल्या. हा कॅन्सर बहुधा उतारवयात दिसतो, इथं माणूस एकतीसचा. तो कातडी खातो, इथं चाकू लागण्याआधी कातडी शाबूत होती. गाठ हाडाला चिकटलेली नाही. ती दगडासारखी आहे, आणि वाढ थांबलेली होती. त्यांना एका निरुपद्रवी गाठीचा संशय होता, केसाच्या मुळापासून निघणाऱ्या. पुस्तकात वाचलेली, पापणीवर कधी पाहिलेली नाही, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाल्या, कॅन्सर असलाच तर तो या जातीचा हळू पसरणारा. काही दिवसांनी फरक पडणार नाही. डोळा काढल्यावर मात्र परत बसवता येत नाही.

सर्जननी रिपोर्टचा कागद घडी करून ठेवला. “आप गलत निकलीं तो उस आदमी को कौन बताएगा?”

“मैं. और किसका काम है?”

“चलो,” सर्जन म्हणाले. “परसों.”

गाठ काढायला फार वेळ लागला नाही. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, “मटर की तरह निकली, छिलके से.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली उपमा.

त्यानंतरचे दिवस मात्र लांबले. गाठीत चुना साचलेला होता. तसाच तुकडा कापायला घेतला, तर यंत्राच्या पात्याला खाच पडली. मग तो आम्लात ठेवून चुना विरघळण्याची वाट पाहावी लागली. घाई केली तर पेशीच जळतात. भाऊजी एका डोळ्यावर पट्टी बांधून पडून असत आणि मी गेलो की विचारत, “बाईंकडे जाऊन आलास?” मी जाऊन आलेलो असे. बाई व्हरांड्यात बसून, बारीक टाचणीनं तुकडा टोचून पाहत आणि म्हणत, “अजून कडक आहे. त्यांना सांगा, मी विसरली नाही.” वॉर्डात तेवढंच सांगायचं असे. शेजारच्या खाटेवरचा रेल्वेतला फिटर एकदा म्हणाला, “ये मैडम पत्थर पका रही हैं क्या?” भाऊजींना हसू आलं आणि टाके ओढले गेले.

एका सकाळी बाईंनी मला हात करून बोलावलं. “या, पाहा. काय दिसते?”

मी पाहिलं. गुलाबी, फिकट घरं एकमेकांना लागून. प्रत्येकाच्या मधोमध रिकामी जागा.

“मधमाश्यांचं पोळं,” मी म्हणालो. “रिकामं.”

“बरोबर. या मेलेल्या पेशी आहेत. भिंती राहिल्या, आतला जीव गेला. आता हे काठावर पाहा.”

काठाला काळपट, दाटीवाटीनं बसलेल्या पेशींची एक रांग होती.

“या जिवंत. यांतलाच कण मला पहिल्यांदा मिळाला होता. केसाच्या मुळाला केस करायचा होता, जमला नाही. अर्धवट पेशी मरून आत साचत गेल्या. त्यांच्यावर चुना बसला. बस, एवढंच आहे. कोणाला खात नाही, कुठं जात नाही.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग पुन्हा लावून तीच काच पुन्हा पाहिली, कडेपासून कडेपर्यंत.

चांगल्या रिपोर्टसाठी बाई वॉर्डात कधी जात नसत. त्या दिवशी गेल्या. आधीचा वाईट रिपोर्ट परत घ्यायचा होता. सर्जनही बरोबर होते.

“वसंतराव, कॅन्सर नाही,” बाई दारातूनच म्हणाल्या. नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

“म्हणजे... डोळा?”

“डोळ्याला काय झालं होतं? तो तर कधी आजारीच नव्हता.”

फिटर म्हणाला, “बधाई हो, भैया!” ताई खिडकीशी कप विसळत होती. तिनं तोच कप पुन्हा विसळला, मग पुन्हा. सर्जननी पट्टी उचलून टाके पाहिले आणि म्हणाले, “छुट्टी परसों.” बाईंकडे वळून त्यांनी मान थोडी लववली. दोघं बोलत बाहेर गेले. ते बोलणं पात्याला पडलेल्या खाचेबद्दल होतं.

भाऊजी कामावर रुजू होण्याआधी खोव्याच्या जलेबीचा पुडा घेऊन प्रयोगशाळेत गेले. आभाराचं भाषण त्यांनी घरून पाठ करून नेलं होतं. बाईंनी ते ऐकून घेतलं नाही.

“आभार कशाचे? पहिला रिपोर्ट कोणी लिहिला होता? त्या रात्री तुमच्या बायकोला झोप लागली होती काय?” असं म्हणून त्यांनी पुडा उघडला, उभ्यानं दोन जलेब्या खाल्ल्या, बाकीच्या प्रयोगशाळेत वाटल्या. “पण चुंबकवाल्यांना सांगा,” त्या म्हणाल्या, “ओढतो की नाही, हे ज्याला गाठ आहे त्याला विचारू नका. तो बिचारा हो म्हणते.”

या गाठीवर मला लिहायचं होतं. दुर्मिळ गाठ, जबलपुरात निदान, असा मथळाही डोक्यात होता. बाईंना परवानगी विचारली.

“दुर्मिळ लिहू नका. उद्यापासून ज्याला खरा कॅन्सर आहे तोही म्हणेल, माझी तीच आहे. लिहायचं तर एवढं लिहा, की गाठ काढली तर अख्खी पाठवा, आणि बाटलीवर वय लिहा.”

मी तसं लिहिलं. संपादकांनी वाचून, यात बातमी कुठं आहे, असं विचारलं. त्या आठवड्यात सीमेवरच्या बातम्यांनाच पान पुरत नव्हतं. मजकूर छापला गेला नाही. बाईंना मी तसं कळवलं, तेव्हा त्यांनी कंपोझिटरची चौकशी केली आणि विषय बदलला.

त्यानंतर त्यांची माझी भेट क्वचितच झाली. त्या कामात असत, मीही. लोकांकडून ऐकू येई. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे तिघे तरुण डॉक्टर वाईट रिपोर्ट लिहिल्यावर वॉर्डात जाऊ लागले होते, आणि सर्जनांची तक्रार वाढली होती. भाऊजींची गाठ काढणारे ते सर्जन मात्र अवघड गाठ काढण्याआधी बाईंना खाटेपाशी बोलावून घेत. त्यांच्यात याबद्दल काही ठरलं असावं असं वाटत नाही. ते नुसतं सुरू झालं.

शेवटची भेट एकाहत्तरच्या लढाईनंतरची. फॅक्टऱ्यांतली जादा पाळी नुकतीच थांबली होती. भाऊजी, ताई आणि मी अधारतालच्या रस्त्यावर बाजार करत होतो. बाई एका भाजीच्या दुकानाशी उभ्या होत्या. केस पांढरे, पायात तेच कॅनव्हासचे बूट. नोकरी संपली होती आणि त्या भावाकडे अमरावतीला जायच्या होत्या.

भाऊजी पुढे झाले आणि वाकून नमस्कार करू लागले. बाईंनी त्यांना ओळखलं नाही. चेहरा नीट पाहिला, नाव ऐकलं, तरीही नाही.

“बाई, ती पापणीवरची गाठ. दगड म्हणाल्या होत्या तुम्ही.”

“अच्छा, पोळं!” बाईंचा चेहरा उजळला. “कोणता डोळा होता?”

भाऊजींनी हात वर नेला आणि तो मध्येच थांबला. “डावा,” ते म्हणाले.

“काय हो, उजवा!” ताई म्हणाली.

“डावाच. मी आरशात पाहत होतो ना.”

“आरशात पाहिलं म्हणूनच तर. उजव्यावर पट्टी होती, मला ठाऊक नाही काय?”

दोघं भर रस्त्यात वाद घालू लागले. बाईंनी पिशवी खाली ठेवली, भाऊजींना उजेडाकडे वळवलं आणि त्यांच्या दोन्ही पापण्या आळीपाळीनं पाहिल्या. वण घडीत मिसळून गेला होता. त्यांनाही सांगता येईना.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून भाजीवाल्याकडे वळल्या.

आम्ही निघालो. वाद पुढच्या चौकापर्यंत चालू होता. मी एकदा मागे वळून पाहिलं. बाई कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून उभ्या होत्या, आणि हसत होत्या.